वाफ्यातली दोऱ्यासारखी पानं

आमच्या घरी टोमॅटोचं बी विकत आणत नसत. सासूबाईंनी लग्न होऊन येताना ते दातिवऱ्याहून, माहेरून आणलं होतं. फळ चपटं, अंगावर खोल चिरा, पिकलं तरी देठाजवळ हिरवं राहणारं आणि इतकं आंबट की कालवणात कोकम घालावं लागत नसे. आधी पिकलेली फळं बाजूला ठेवायची, गर राखेत चोळायचा, सुपात वाळवायचा आणि बी काचेच्या बरणीत भरून चुलीवरच्या फळीवर ठेवायचं, हे काम माझ्याकडे होतं. घरातली निवडायची, बांधायची, कुठे काय आहे ते लिहून ठेवायची सगळी कामं मी धरली होती. माझा तो स्वभावच आहे. आजही मी बाजाराची यादी केल्याशिवाय चप्पल घालत नाही.

पेरायचं काम मात्र माझं नव्हतं. घरची रीत अशी, की एखादी सून गर्भार असेल तर घटस्थापनेच्या दिवशी टोमॅटोचा वाफा तिने पेरायचा. देवापुढे घट बसतो, तशी वाडीत तिची पेरणी. रोपं सरळ आणि जोमदार आली म्हणजे पोटातलं सुखरूप, असं सासूबाई मानत. माझ्या दोन्ही वेळा रोपं चांगली आली, मुलंही चांगली झाली. त्या रीतीचा मला कधी जाच झाला नाही, म्हणून मी तिचा फार विचारही केला नव्हता.

त्या वर्षी वाफा पेरला माझ्या धाकट्या जावेने. तिच्या आधीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. दुसरी तर दिवस भरत आलेले असताना. ही तिसरी, आणि घटस्थापनेला गर्भार असण्याची तिची पहिलीच वेळ. दुसऱ्या वेळेनंतर सासूबाईंनी माझ्यासमोरच माझ्या दिराला सांगितलं होतं, "आता पुढचंबी असंच झालं, तर हिला तिच्या आयशीकडं ऱ्हाऊ दे. आपण दुसरं बघू." जाऊ तेव्हा आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं होतं. पुढे कधी तिने त्याचा उल्लेख केला नाही, पण पेरताना बी एकाच जागी जास्त पडलं.

एकोणीसशे साठच्या दशकातली ती मधली वर्षं. तारापूरच्या बाजूला समुद्रकाठी मोठं सरकारी बांधकाम सुरू झालं होतं. दीर तिथे मजुरांची हजेरी घ्यायला लागला होता. दुपारी सुरुंग उडत. आवाज आमच्या वाडीपर्यंत यायचा, आणि त्याच्या मागोमाग फळीवरची बियांची बरणी किणकिणायची. बोईसरच्या बाजारात हिंदी बोलणारे मजूर दिसू लागले होते. तिथे अणूची भट्टी पेटणार, एवढं सगळ्यांना कळलं होतं. अणू म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे जो तो आपल्या मनचं त्यात घालत होता.

रोपं उगवली तेव्हा काही वेडीवाकडी होती. काहींना दोनाऐवजी तीन पानं फुटली. काहींना शेंडाच नव्हता. दोन पानं आणि मध्ये नुसता बोडका ठिपका. एकाचं खोड पट्टीसारखं चपटं, जणू दोन रोपं एकमेकांना चिकटली होती. याचं मला काही वाटलं नाही. घरच्या बियांत अशी चार-दोन रोपं दर वर्षी निघत. सासूबाई यायच्या आत मी ती उपटून टाकत असे. त्याही वर्षी टाकली.

मग रोपं बोटभर झाल्यावर जावेने ती उचलून दुसऱ्या वाफ्यात एकेक करून लावली. पेरलेल्या वाफ्यातली काही मी स्वतः उचलून राखीव म्हणून रॉकेलच्या जुन्या डब्यांत लावून गोठ्याच्या मागे ठेवली. माझं काहीतरी राखीव असतंच.

आठवडा दोन आठवडे गेले आणि जावेच्या वाफ्यातली नवी पानं अरुंद येऊ लागली. आधी वाटलं, पाणी कमी पडतंय. मग पाहिलं तर पानाला पातच नव्हती, नुसती शीर. जुन्या पानांवर फिकट आणि गडद हिरवे डाग, हात लावला तर खरखरीत. शेंड्याला दोरे फुटल्यासारखे झुबके. खोडावर बारीक फोडांसारखे उंचवटे. रोज सकाळी त्यात दोन-चार रोपांची भर पडत होती, आणि ज्या क्रमाने तिने लावली होती त्याच क्रमाने ती बिघडत होती.

कढीलिंब मागायला आलेली शेजारची काकी वाफ्यापाशी थांबली.

"काय गो, बडीशेप कवा पेरली?"

"टमाटे हायत, काकी," जाऊ म्हणाली.

"टमाट्याला पान असतं. याला दोरे फुटलेत." काकी वाकली, पण हात लावला नाही. "घरवाल्याचे कपडे कुठं धुतेस?"

"विहिरीवर."

"आणि ते पाणी जातं कुठं?"

जावेने पाटाकडे पाहिलं. पाट सरळ वाफ्यात येत होता.

"मी आपलं विचारलं," काकी म्हणाली. "तिथली धूळ काय साधी नाय म्हणतात. आणि तू दोन जिवांची." कढीलिंब घेऊन ती गेली, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या वाफ्याची गोष्ट आळीत सगळ्यांना कळली.

सासूबाईंना धुळीचं पटलं नाही. त्यांना दुसरंच वाटत होतं, आणि ते त्या बोलल्याही. "हात लागतो एकेकाचा. बस बाजूला, मी दाखवते." त्यांनी उरलेली चांगली रोपं स्वतःच्या हाताने नव्या सरीत लावली. लावताना जावेला उभं करून ठेवलं. "असं धरायचं. असं दाबायचं. काय अवघड हाय?" जाऊ पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

ती सरीही बिघडली.

त्या दिवसापासून सासूबाई तिच्यावर रागवेनाशा झाल्या, आणि मला ते अधिक वाईट लक्षण वाटलं. रागावल्या की त्यांचा काहीतरी उपाय चाललेला असायचा. आता त्या नुसत्या तिच्याकडे बघत. जेवायला बसली की तिच्या ताटाकडे, उठली की तिच्या पोटाकडे. जावेचं जेवण तुटलं. सकाळी उलट्या व्हायच्या त्या आता संध्याकाळीही होऊ लागल्या. अन्न कमी झालं तशी मशेरी वाढली. मळमळ थांबते म्हणून ती दिवसातून कितीदा तरी डबी उघडायची, बोटावर घ्यायची आणि दातांवर फिरवत पडवीच्या पायरीवर बसून राहायची. दुपारी सुरुंग उडाला की तिचा हात आपोआप पोटावर जायचा.

मशेरी घरातच व्हायची. सासूबाईंना बाजारातली चालत नसे. तंबाखूची पानं आणायची, शिरा काढायच्या, हाताने चुरायची आणि तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची. हे काम धाकट्या सुनेचं. मी नवी आले तेव्हा त्या धुराने मला घेरी आली होती, म्हणून माझं ते काम सुटलं ते सुटलंच. जाऊ आल्यावर तिच्याकडे गेलं. सकाळी चूल पेटली की पहिलं भाकरीचं नव्हे, तंबाखूचं. मग हात पदराला पुसून ती वाडीत जायची.

सासूबाईंनी शेवटी जुना उपाय काढला. पिकावर कीड आली की तंबाखूची पानं भिजत घालायची आणि ते तांबडं पाणी शिंपडायचं, हे त्यांच्या माहेरीही करत. त्यांनी कळशीभर पाणी केलं आणि केरसुणीने वाफाभर शिंपडलं, मुळापासून शेंड्यापर्यंत, एकही रोप सोडलं नाही.

चांगली राहिलेली रोपंही त्यानंतर गेली. सगळा वाफा दोऱ्यांचा झाला. वाऱ्याने तो हलायचा तेव्हा टोमॅटोच्या वाफ्यासारखा आवाजही येत नसे.

फक्त गोठ्यामागचे माझे डबे हिरवेगार होते. रुंद पानं, जाड खोड, पहिली फुलं. काकीने तेही पाहिलं. ती माझ्याशी थेट काही बोलली नाही. जावेला विचारलं, तेही मला ऐकू जाईल अशा बेताने.

"थोरलीचीच कशी बरी बरी ऱ्हातात गो?"

 त्या संध्याकाळी मी जावेला भाकरी वाढली तेव्हा तिने ताट थोडं मागे घेतलं. मग चटकन पुढे केलं. मी पाहिलं आणि तिनेही पाहिलं की मी पाहिलंय.

त्यानंतर मी ठरवलं, आता नुसतं बघत बसायचं नाही. पालघरला जायचं होतंच. यादी केली: रॉकेल, सुतळी, कपड्याचा साबण, सासूबाईंचं पाठीला लावायचं तेल, आणि शेवटी, टोमॅटोची रोपं. वाफा उपटून त्या जागी विकतची रोपं लावायची, सरळ आणि हिरवी, म्हणजे घरातली माणसं निदान जेवतील, एवढाच माझा हिशोब. बोईसरहून सकाळची गाडी धरली. पालघरचा बाजार उरकून गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गेले.

फाटकाशी बादली, तांब्या आणि दगडावर साबण ठेवला होता. आत सोडणारा माणूस स्टुलावर बसून सुतळीचे तुकडे जुळवत होता.

"काय पायजे?"

"टोमॅटोची रोपं."

"तंबाखू खाता?"

मला वाटलं, थट्टा करतोय. "नाही."

"मशेरी?"

"नाही. का?"

"मंग तरी हात धुवा. टमाटा-मिरचीच्या वाफ्यात धुतल्याबिगर सोडत नाय आमी कोणाला. परवा आमच्या साहेबाच्या सासऱ्यालाबी धुवायला लावले."

"काय होतं तंबाखूने?"

"पानं दोऱ्यावानी येतात म्हणं. तंबाखूच्या पानातला रोग हाताला लागून येतो. मला काय ठाव, नियम हाय." त्याने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "पिशवी खाली ठेवा, दोनी हात धुवा. एकच हात धुतात बाया."

मी दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले. धुताना एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. सकाळचा तंबाखू, पदराला पुसलेले हात, ज्या क्रमाने लावली त्या क्रमाने बिघडलेली रोपं. सासूबाईंची सरी. ते तांबडं पाणी. आणि गोठ्यामागचे डबे, ज्यांना माझ्याशिवाय कोणी हात लावला नव्हता.

रोपं घेतली नाहीत. साबणाच्या दोन वड्या जास्त घेतल्या.

घरी आले तेव्हा सासूबाई वाल सोलत होत्या, जाऊ पायरीवर, दीर नुकताच कामावरून आलेला. मी चप्पल काढायच्या आधी सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सोललेला वाल सालांच्या ढिगात टाकला.

"जलमभर मी मशेरी लावते. आजवर कवा नाय झालं ते?"

"आजवर तंबाखूचं काम करून लगेच रोपांत कोणी जात नव्हतं, आई. माझ्या वेळी पानं तुम्ही चुरत होता, आणि रोपं मी लावत होते."

त्यांनी पुढची शेंग उचलली. बोलली ती जाऊ.

"म्हणजे माझ्या हाताचं नाय?"

"तंबाखूचं."

"आणि त्या भट्टीचं?"

दीर हसला. "भट्टी कुठली? आमी अजून खड्डेच खणतोय. पेटायला वर्सं हायत."

जाऊ माझ्याकडे बघत राहिली. मग तीही हसली, तोंडाला पदर लावून, आणि हसता हसता रडली. "वहिनी, मी तुमच्याबद्दल लय वायट मनात आणलं."

"आणलंस ते आणलंस. आता जेव."

ती जेवली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, सासूबाईंनी तिसरी न विचारता वाढली. इतक्या दिवसांत घरात प्रथमच कोणी मोठ्याने बोललं. हात धुऊन जाऊ पायरीवर जाऊन बसली, आणि कनवटीची डबी काढून तिने बोटावर मशेरी घेतली, नेहमीपेक्षा जास्तच.

"ते सोड आता काही दिवस," मी म्हटलं.

"आता कशाला? कळलं ना काय हुतं ते." तिच्या तोंडात बोट होतं, शब्द घोळून येत होते. "रोपं उपटा वहिनी, डबी नका उपटू. ती नसली तर पोटात काय टिकत नाय."

"माझी तिनी पोरं मशेरीवरच झाली," आतून सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी तो सगळा वाफा उपटला आणि जाळला. डब्यांतली रोपं साबणाने धुतलेल्या हातांनी नव्या जागी लावली. तंबाखूचं काम जावेकडून काढून घेतलं. सासूबाई आपली पानं आपणच चुरू लागल्या. वाडीच्या तोंडाशी मी बादली आणि साबण ठेवला. सासूबाईंनी आठवडाभर त्याकडे पाहिलं नाही. मग एके दिवशी त्यांनाच काकीवर ओरडताना ऐकलं, "हात धू आधी. टमाट्याला तंबाखू चालत नाय, ठाव नाय तुला?"

रोपं वाढली, फुलं धरली, फळं लागली. पानं रुंद, देठ जाड. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला वाफा दाखवत. रीत पुन्हा आपल्या बाजूला आली होती. माहेरी पाठवण्याचं बोलणं बंद झालं. दीर बोईसरहून पाळण्याची दोरी घेऊन आला.

मला एकटीला तो वाफा बघून बरं वाटत नसे. ती रोपं माझ्या डब्यांतली होती. लावलेली मी. जावेने त्यातल्या एकालाही हात लावला नव्हता. ती चांगली आली यावरून तिच्याबद्दल काही कळत असेल, तर ते मला कळत नव्हतं. मी वाफ्याकडे पाहण्याऐवजी तिच्याकडे पाहायचे. सातव्या महिन्यात तिचं पोट माझ्या पाचव्यातल्यासारखं दिसत होतं. बांगड्या सैल झाल्या होत्या. सुईणीने हाताने चाचपून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "बारीक हाय," ती म्हणाली. "असतं एकेकीचं अंगचंच." आणि जावेने दिलेली चिमूटभर मशेरी घेऊन तिच्या शेजारी पायरीवर बसली.

एका दुपारी ती बाळंत झाली. मुलगी झाली. जिवंत होती. रडली, पण तो आवाज दाराबाहेरही गेला नसता. मी तिला हातात घेतलं तेव्हा डोकं माझ्या तळहातात मावलं आणि पाय कोपरापर्यंतही पोचले नाहीत. कातडीला सुरकुत्या, नखं कागदासारखी. आम्ही तिला कापसात गुंडाळलं, गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना ठेवल्या, बोळ्याने दूध पाजलं. पहिले काही आठवडे मी काही ठरवत नव्हते, कसलीही यादी करत नव्हते. रोज सकाळी आधी पाळण्यात हात घालून पाहायचे, मग चूल पेटवायचे.

ती जगली. काकी बघायला आली आणि कोपऱ्यात जाऊन कुजबुजली की त्या भट्टीचंच हे. दीर थकल्या आवाजात म्हणाला, "काकी, भट्टी अजून नाय पेटली." सासूबाई मात्र समाधानी होत्या. "वाफा कसा भरला होता ते बघितलंस ना? बारीक असू दे, सुखरूप हाय."

फळं पिकली तेव्हा मी बियांसाठी पहिली तोडायला वाफ्यात गेले. सासूबाई माझ्याबरोबर होत्या. त्यांनी बादलीतल्या पाण्याने हात धुतले, साबण बोटांच्या बेचक्यांत नेला, नखं घासली. मग त्यांनी अतिशय जपून, देठ न दुखावता, चिरा पडलेलं मोठं फळ तोडलं आणि माझ्या सुपात ठेवलं.

पडवीत मुलगी रडू लागली. जाऊ विहिरीवर होती. "मी बघते," म्हणून सासूबाई वर गेल्या. वाफ्यातून मला पाळणा दिसत होता. त्यांनी दोरी ओढली, गाणं म्हटलं, पोर थांबेना. मग त्यांनी कनवटीची डबी काढली, झाकण उघडलं आणि करंगळी आत बुडवली.

"जरा हिरड्यांना लावलं की निजेल," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हिच्या बापालाबी असंच निजवायची."

सूप तिथेच टाकून मी पायऱ्या चढले आणि पोर पाळण्यातून उचललं. तिचं वजन कळतही नव्हतं.

"टमाट्याला चालत नाही, आई. हिला कसं चालेल?"

सासूबाईंनी माझ्याकडे खरोखरच न कळल्यासारखं पाहिलं. रोपांचा तो रोग माणसाला लागत नाही हे मला पुढे कळलं, पण त्या दिवशी मला ठाऊक असतं तरी मी पोर दिलं नसतं.

"ते झाड हाय गो," त्या म्हणाल्या. "माणसाला काय हुतं?"

त्यांची काळी करंगळी अजून तशीच वर होती. समुद्राकडे सुरुंग उडाला, आत फळीवरची बरणी किणकिणली. मी पोर घट्ट धरून उभी होते. थोडा वेळ वाट बघून त्यांनी ती करंगळी आपल्याच हिरड्यांवर फिरवली, आणि विहिरीवरून येणाऱ्या जावेसाठी डबी उघडीच पायरीवर ठेवली.